आमटी ‘नाइसली’ का लागत नाही: इंग्रजीतले लिंकिंग व्हर्ब आणि पूरक

माझ्या संध्याकाळच्या शिकवणीला एक ताई येतात. घरगुती खानावळ चालवतात. अलीकडे जेवायला येणाऱ्यांत मराठी न समजणारी मुलं वाढली, म्हणून इंग्रजी शिकायला लागल्या. एकदा वर्ग सुटल्यावर थांबून म्हणाल्या, “सर, मी काल म्हटलं ‘द आमटी टेस्ट्स नाइसली’. एक मुलगा म्हणाला, आंटी, नाइसली नाही, नाइस. का ते त्यालाही सांगता येईना. ‘छान लागते’ यात छान हे क्रियाविशेषणच ना?”

प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा होता. मी विचारलं, “आमटीला जीभ आहे का?” त्या हसल्या. ‘टेस्ट्स नाइसली’ म्हटलं की टेस्ट हे काम होतं आणि ते काम आमटी छान रीतीने करते असा अर्थ निघतो. म्हणजे आमटी बसलीय आणि चमच्याने कशाची तरी चव बघतेय. आपल्याला तर आमटीचा गुण सांगायचा असतो, आमटीचं काम नव्हे. एवढा फरक डोक्यात बसला की बाकीचा विषय सरावाचा राहतो.

पुढची इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत लिहिली आहेत. मोठ्याने वाचा आणि वहीत उतरवताना रोमन लिपीत लिहा. स्पेलिंगचा सराव फुकटात होतो.

आधी मराठीत बघू

‘माझा भाऊ तलाठी झाला’ हे वाक्य घ्या. यातला ‘तलाठी’ काढला तर उरतं ‘माझा भाऊ झाला’. ऐकणारा लगेच विचारणार, काय झाला? क्रियापद आहे, कर्ता आहे, तरी विधान अर्धवट. ते पुरं करणारा शब्द म्हणजे पूरक. शाळेच्या व्याकरणात याला विधानपूरक म्हणत. आपण ते पाठ केलं, मार्क घेतले आणि विसरलो. इंग्रजीत तोच कॉम्प्लिमेंट.

आता ‘माझा भाऊ तलाठ्याला भेटला’ हे वाक्य बघा. इथे तलाठी कर्म आहे. फरक कसा ओळखायचा? माणसं मोजा. पहिल्या वाक्यात माणूस एकच, भाऊ म्हणजेच तलाठी. दुसऱ्यात दोन माणसं. कर्ता आणि पूरक ही एकाच वस्तूची दोन वर्णनं असतात. कर्ता आणि कर्म सहसा दोन वेगळ्या वस्तू. (‘त्याने स्वतःला जखमी करून घेतलं’ अशी वाक्यं अपवाद, पण तिथे ‘स्वतः’ हा शब्दच चुगली करतो.)

हीच मोजणी इंग्रजीत चालते. ‘माय ब्रदर बिकेम अ तलाठी’, एक माणूस. ‘माय ब्रदर मेट अ तलाठी’, दोन. बिकेम हे लिंकिंग व्हर्ब, मेट हे साधं सकर्मक क्रियापद. लिंकिंग व्हर्ब स्वतः फारसं काही करत नाही. कर्त्याला आणि पूरकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतं, बस. भाषाशास्त्रात त्याला कॉप्युला म्हणतात. शब्द लॅटिन आहे, अर्थ जोडणी किंवा बंध.

जाता जाता स्पेलिंगचं सांगतो. कॉम्प्लिमेंट नावाचे उच्चाराने सारखे दोन शब्द आहेत. कौतुक या अर्थाच्या शब्दात मधे ‘आय’ येतो, पूरक या अर्थाच्या शब्दात ‘ई’. ‘कम्प्लीट’ या शब्दात ‘ई’ आहे आणि पूरक विधान कम्प्लीट करतो, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे.

‘इज’ ठेवून पाहायचं

वाक्य समोर आलं की क्रियापदाच्या जागी ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ किंवा ‘वॉज’ ठेवा. अर्थ थोडाफार टिकला तर लिंकिंग. वेड्यासारखा झाला तर नाही.

‘शी लुक्स टायर्ड’ चं ‘शी इज टायर्ड’ होतं. चालतं. ‘शी लुक्ड ॲट द क्लॉक’ चं ‘शी वॉज ॲट द क्लॉक’ करा, अर्थच बदलला. ‘आय टेस्टेड द सूप’ चं ‘आय वॉज द सूप’ होतं, म्हणजे मी सूप होतो. वर्गात या वाक्याला हमखास हशा पिकतो आणि ज्याला हसू आलं त्याला नियम कळलेला असतो.

‘टेस्ट’, ‘लुक’, ‘स्मेल’, ‘फील’, ‘ग्रो’, ‘टर्न’, ‘गेट’ ही क्रियापदं दोन्ही घरची आहेत. त्यामुळे लिंकिंग व्हर्बची यादी पाठ करणं मला फारसं उपयोगाचं वाटत नाही. ‘द फार्मर ग्रोज ओनियन्स’ मध्ये ग्रो हे काम आहे, शेतकरी कांदा पिकवतो. ‘द फार्मर ग्रू ओल्ड’ मध्ये तेच क्रियापद लिंकिंग, शेतकरी म्हातारा झाला. यादी तुम्हाला फसवेल, वाक्य फसवणार नाही.

शंका उरलीच तर वाक्य पॅसिव्ह करून बघा. ‘अ तलाठी वॉज मेट बाय माय ब्रदर’ हे कानाला खडबडीत लागलं तरी व्याकरणात बसतं. ‘अ तलाठी वॉज बिकम बाय माय ब्रदर’ कुठल्याच इंग्रजीत बसत नाही. पूरकाला उचलून कर्त्याच्या खुर्चीवर बसवता येत नाही, कारण तो आधीच कर्ताच आहे.

पाच इंद्रियं आणि ‘ली’चा मोह

ताईंची अडचण इथली. मराठीत इंद्रियांसाठी आपली क्रियापदं ठरलेली आहेत. डोळ्यांना ‘दिसतं’, जिभेला ‘लागतं’, हाताला आणि मनाला ‘वाटतं’, नाकाला ‘वास येतो’, आणि ऐकलेलं पुन्हा ‘वाटतं’. इंग्रजीत अनुक्रमे ‘लुक’, ‘टेस्ट’, ‘फील’, ‘स्मेल’, ‘साउंड’. या पाचांनंतर गुण सांगायचा तर विशेषण येतं, ‘ली’वालं क्रियाविशेषण नाही. ‘द साडी लुक्स ब्युटिफुल’, ब्युटिफुली नाही. ‘युअर आयडिया साउंड्स गुड’, वेल नाही.

मग मराठी माणूस का चुकतो? कारण आपल्या ‘छान’, ‘सुंदर’, ‘मस्त’ या शब्दांचं रूप बदलत नाही. ‘छान मुलगी’ आणि ‘छान गाते’ यांत छान तेच. त्यामुळे शब्द विशेषणाचं काम करतोय की क्रियाविशेषणाचं, हे आपल्याला कधी ठरवावंच लागलं नाही. बदलणारं विशेषण घेतलं की मराठीच उत्तर देते. ‘आमटी आंबट लागते’ यात काही कळत नाही, कारण ‘आंबट’ही बदलत नाही; ‘आमटी गोडी लागते’ म्हणत नाही, ‘गोड’ म्हणतो, म्हणून हाही शब्द निरुपयोगी. ‘भाजी कच्ची लागते’ आणि ‘भात कच्चा लागतो’ घ्या. कच्ची, कच्चा. भाजीप्रमाणे आणि भाताप्रमाणे रूप बदललं, म्हणजे ते विशेषण आहे, क्रियेचं नाही, भाजीचं. इंग्रजी करा: ‘द भाजी टेस्ट्स रॉ’. शंका आली की ‘छान’च्या जागी ‘चांगला-चांगली-चांगलं’ ठेवून बघायचं. रूप कर्त्याबरोबर हललं तर इंग्रजीत विशेषण.

हीच क्रियापदं कामाला लागली की ‘ली’ परत येतं. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला. ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट मी’ म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. पहिल्यात त्याचा चेहरा, दुसऱ्यात त्याचं बघणं.

‘स्मेल’ जरा जपून. ‘द रोझेस स्मेल स्वीट’ ठीक. पण पुढे काहीच न लावता ‘द मिल्क स्मेल्स’ म्हटलं की दुधाला वास मारतोय असा अर्थ. हे आपल्याला समजावून सांगायला नको, ‘दुधाला वास येतोय’ हे ऐकून कोणी त्याचा चहा करत नाही. मात्र माणसाला ‘यू स्मेल’ म्हणू नका.

‘वेल’चा एक गोंधळ उरतो. ‘आय ॲम वेल’ बरोबर कसं? तिथे वेल हे विशेषण आहे, अर्थ प्रकृतीने बरा. ‘आय डोंट फील वेल’ म्हणजे मला बरं वाटत नाही. आमटी आजारी पडत नसल्याने तिच्यासाठी ‘गुड’च.

आणखी एक सवय. ‘छान लागतंय’ म्हणून आपण ‘इट इज टेस्टिंग गुड’ म्हणतो. भारतभर ऐकू येतं, अर्थही पोचतो, पण लिहिताना ‘इट टेस्ट्स गुड’ लिहा. ‘ताई इज टेस्टिंग द आमटी’ मात्र पक्कं, कारण तिथे ताई खरोखर चव घेतायत. ‘यू आर लुकिंग गुड’ आणि ‘आय ॲम फीलिंग बेटर’ ही दोन इंग्रज स्वतःही म्हणतात, त्यांना चूक समजू नका.

‘झालं’ची किती रूपं

मराठीत एक ‘होणे’ सगळीकडे पुरतं. इंग्रजीत त्याची वाटणी झाली आहे, आणि नवशिक्या सगळीकडे ‘बिकम’ लावत सुटतो.

नाम पूरक असेल तर बिकम: ‘शी बिकेम अ डॉक्टर’. इथे ‘गेट’ लावलात तर घात. ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हणजे तिला डॉक्टर मिळाला, आता तो तपासायला मिळाला की लग्नाला ते तुमच्यावर. विशेषण असेल तर बोलताना ‘गेट’ सर्रास चालतं: ‘गॉट अँग्री’, ‘गॉट मॅरीड’, ‘इट इज गेटिंग लेट’. रंग आणि वय यांना ‘टर्न’ शोभतं: पानं पिवळी झाली, ‘द लीव्ह्ज टर्न्ड यलो’, वडील साठीचे झाले, ‘फादर टर्न्ड सिक्स्टी’. बिघडण्याला ‘गो’: मासे खराब झाले, ‘द फिश वेंट बॅड’; टायर बसला, ‘द टायर वेंट फ्लॅट’; डोकं कोरं झालं, ‘माय माइंड वेंट ब्लँक’. काही जोड्या तर लग्न लागल्यासारख्या: ‘फॉल इल’, ‘फॉल अस्लीप’, ‘कम ट्रू’, ‘रन ड्राय’. विहीर आटली, ‘द वेल रॅन ड्राय’. यांचं कारण शोधत बसू नका, जोडीनेच लक्षात ठेवा.

आपल्या ‘निघणे’ आणि ‘ठरणे’साठी ‘प्रूव्ह’ आहे. अफवा खोटी निघाली, ‘द रूमर प्रूव्ह्ड फॉल्स’. तसंच राहण्यासाठी ‘रिमेन’, ‘स्टे’, ‘कीप’: ‘कीप क्वाएट’ मध्येही क्वाएट हा पूरकच, क्वाएटली नाही.

जिथे पूरकच नाही तिथे मात्र यांतलं एकही नको. ‘काय झालं?’ म्हणजे ‘व्हॉट हॅपन्ड?’ ‘पाऊस झाला’ म्हणजे नुसतं ‘इट रेन्ड’.

‘मला’ने सुरू होणारी वाक्यं

खरा डोंगर इथे आहे, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या व्याकरणात तो सापडत नाही, कारण इंग्रजाला तो चढावाच लागत नाही.

मराठीत भूक, तहान, राग, कंटाळा, उशीर या गोष्टी आपल्याकडे येतात. आपण ‘मला’ होऊन बसलेलो असतो. मला भूक लागली, मला राग आला, मला कंटाळा आला, मला उशीर झाला. इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि भूक त्याचं विशेषण होऊन पूरकाच्या जागी जाते: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय गॉट अँग्री’, ‘आय ॲम बोअर्ड’, ‘आय ॲम लेट’. भाषांतर करताना पहिली पायरी म्हणजे ‘मला’चा ‘मी’ करणं. दुसरी, नामाचं विशेषण शोधणं. भूक नाही, भुकेला. राग नाही, रागावलेला. तिसरी, मधे ‘ॲम’, ‘गॉट’ किंवा ‘फील’ यांतलं बसेल ते घालणं. अपवाद आहेतच: ‘मला ताप आहे’ ला ‘आय हॅव अ फीव्हर’ म्हणतात, तिथे लिंकिंग व्हर्ब नाही.

कंटाळ्यात एक खड्डा आहे. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणालात तर मी कंटाळवाणा माणूस आहे, अशी कबुली दिलीत. कंटाळलेला ‘बोअर्ड’, कंटाळा आणणारा ‘बोअरिंग’.

आता उलटी बाजू. मराठीत ‘आहे’ दिसतं म्हणून इंग्रजीत ‘ॲम’ घालायचं, ही चूक शिकलेल्या माणसांच्या ईमेलमध्येही दिसते. ‘मी सहमत आहे’ यात सहमत हा पूरक आहे, पण इंग्रजीतलं ‘ॲग्री’ स्वतःच क्रियापद. म्हणून ‘आय ॲग्री’, ‘आय ॲम ॲग्री’ नव्हे. तसंच ‘मला माहीत आहे’ म्हणजे ‘आय नो’, ‘मला हवं आहे’ म्हणजे ‘आय वॉन्ट’. ‘उद्या तुम्हाला शक्य आहे का?’ चं ‘आर यू पॉसिबल टुमॉरो?’ करून मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी एका साहेबांना पाठवलं होतं. म्हणजे ‘उद्या तुम्ही शक्य आहात का?’ साहेबांनी सभ्यपणे ‘येस’ एवढंच उत्तर दिलं. शक्य असतं ते येणं, माणूस नव्हे: ‘इज इट पॉसिबल फॉर यू टू कम टुमॉरो?’

शेवटचं ‘मला वाटतं’. ‘मला गणित अवघड वाटतं’ याला दोन रस्ते. ‘मॅथ्स सीम्स डिफिकल्ट टू मी’ हा मराठीच्या जवळचा. पण बोलण्यात ‘आय फाइंड मॅथ्स डिफिकल्ट’ हेच येतं. त्यात डिफिकल्ट कर्त्याबद्दल नाही, मॅथ्सबद्दल आहे.

पूरक कर्माचाही असतो

‘गावाने त्याला सरपंच केलं.’ सरपंच कोण? गाव नव्हे, तो. ‘द व्हिलेज मेड हिम सरपंच.’ कर्त्याच्या पूरकासारखाच हा कर्माचा पूरक. व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली इंग्रजी वाक्याचे सात सांगाडे मांडले. त्यांत कर्ता-क्रियापद-पूरक हा एक आणि कर्ता-क्रियापद-कर्म-पूरक हा दुसरा, असे हे दोन्ही आहेत.

इथली चाचणी: कर्म आणि पुढचा शब्द यांच्यामध्ये मनातल्या मनात ‘इज’ घाला. ‘वी पेंटेड द डोअर ग्रीन’: डोअर इज ग्रीन, जमलं, ग्रीन हा पूरक. ‘शी गेव्ह हिम टी’: तो चहा आहे? नाही. मग ही दोन कर्मं झाली. ‘कॉल मी अ टॅक्सी’ वरचा जुना विनोद याच फटीतून आला आहे. सांगणारा म्हणतो माझ्यासाठी टॅक्सी बोलवा, ऐकणारा म्हणतो, बरं, तुम्ही टॅक्सी.

शब्दांची जागा हलवली तर अर्थ हलतो. ‘वी पेंटेड द ग्रीन डोअर’ म्हणजे आधीच हिरव्या असलेल्या दाराला आणखी कुठला तरी रंग दिला. आणि ‘ली’चा मोह इथेही: ‘आय फाउंड द बुक ईझी’ म्हणजे पुस्तक सोपं वाटलं, ‘आय फाउंड द बुक ईझीली’ म्हणजे पुस्तक पटकन सापडलं.

‘कन्सिडर’ नंतर पूरक सरळ येतो, ‘आय कन्सिडर हिम अ फ्रेंड’. ‘रिगार्ड’ला मात्र ‘ॲज’ लागतं, ‘आय रिगार्ड हिम ॲज अ फ्रेंड’. एमपीएससीच्या तयारीला बसलेल्यांनी ही जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.

लिहून झाल्यावर तपासायचं ते

पूरक नाम असेल आणि ती व्यक्ती अनेकांपैकी एक असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’ विसरू नका. ‘मी वकील आहे’ मध्ये मराठीला काही लागत नाही, इंग्रजीला ‘आय ॲम अ लॉयर’ लागतं. एकमेव पद असेल तर तो गळू शकतो, म्हणून वर ‘मेड हिम सरपंच’.

‘सारखा’ असेल तर नामाआधी ‘लाइक’: ‘ही लुक्स लाइक अ हीरो’. नुसत्या विशेषणाआधी नाही: ‘ही लुक्स हँडसम’.

क्रियापदाचं एकवचन-अनेकवचन कर्त्यावरून ठरतं, पूरकावरून नाही. ‘द मेन प्रॉब्लेम इज द पॉटहोल्स’, पण उलटवलं की ‘द पॉटहोल्स आर द मेन प्रॉब्लेम’.

‘अस्लीप’, ‘अवेक’, ‘अलाइव्ह’, ‘अफ्रेड’, ‘अलोन’ ही ‘अ’ने सुरू होणारी विशेषणं पूरकाच्या जागी राहतात, नामाच्या आधी येत नाहीत. बाळ झोपलंय, ‘द बेबी इज अस्लीप’. झोपलेलं बाळ मात्र ‘अ स्लीपिंग बेबी’.

दार वाजवल्यावर ‘इट इज मी’ म्हणायचं की ‘इट इज आय’? जुने मास्तर दुसऱ्यावर अडून बसत. दाराबाहेर उभं असताना ‘इट्स मी’ म्हणा, लवकर उघडतील.

सरावाला सहा वाक्यं देतो. आधी स्वतः करा: ताक आंबट झालं. तिला वाईट वाटलं. मला कांदा चालत नाही. आम्ही तिला माई म्हणतो. तो प्रामाणिक निघाला. भात शिजलेला दिसत नाही.

‘द बटरमिल्क टर्न्ड सावर.’ ‘शी फेल्ट बॅड’, बॅडली नाही. तिसऱ्यात फसवलं, तिथे पूरक नाहीच: ‘आय डोंट ईट ओनियन.’ चौथ्यात माई कर्माचा पूरक: ‘वी कॉल हर माई.’ पाचवं ‘ही प्रूव्ह्ड ऑनेस्ट’. सहावं ताईंनी माझ्याआधी सोडवलं, ‘द राइस डझंट लुक कुक्ड’, आणि वही मिटता मिटता म्हणाल्या, हे मला कोणी म्हणायची वेळ येणार नाही.